छोटा म्युझिक प्लेअर घ्यायचाय? आधी तो उघडतो का ते बघा

२००४ च्या जानेवारीत ॲपलने आयपॉड मिनी दाखवला. किंमत २४९ डॉलर, आत जागा ४ जीबी. आणखी ५० डॉलर टाकले की १५ जीबीचा मोठा आयपॉड मिळत होता. हिशेब शेंबड्या पोरालाही कळावा असा. तरी लोकांनी मिनीच उचलला, आणि असा उचलला की अमेरिकेतली मागणी भागवता भागवता ॲपलला बाकीच्या जगातली विक्री जुलैपर्यंत पुढे ढकलावी लागली. मिनीत मायक्रोड्राइव्ह नावाची एक इंची हार्डडिस्क होती. तशीच डिस्क क्रिएटिव्ह कंपनीच्या एका प्लेअरमध्येही असायची. बाजारातून सुटी डिस्क घेण्यापेक्षा तो अख्खा प्लेअर घेऊन फोडणं स्वस्त पडायचं, म्हणून कॅमेरेवाले लोक तो डिस्कसाठी विकत घेऊन बाकीचा भाग बाजूला टाकत.

आज नवा माणूस असा प्लेअर शोधायला निघतो तेव्हा त्याला जो भावाचा गोंधळ दिसतो, त्याचं मूळ या दोन गोष्टींत आहे. लोक आकाराला पैसे देतात. आणि वस्तू जुनी झाली की तिची किंमत आतले सुटे भाग ठरवतात. मिनीची ती डिस्क कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाच्या, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांत बसणाऱ्या मेमरी कार्डाच्या, मापाची होती. त्यामुळे वीस वर्षांनीही डिस्क काढून तिथे साधं कार्ड बसवता येतं आणि प्लेअर पुन्हा चालू होतो. त्याच्या जागी २००५ च्या सप्टेंबरात आलेला पहिला नॅनो दिसायला कितीतरी देखणा, पण त्याची मेमरी बोर्डावरच डकवलेली. ती गेली की नॅनो गेला.

म्हणून आधी तो उघडतो का, आतली मेमरी आणि बॅटरी बदलता येते का ते बघायचं. चकाकी, रंग, खोका हे सगळं नंतर. खालच्या पायऱ्या हेच धरून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: गाणी आहेत का?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण निम्मे लोक इथेच अडकतात. तुमची सगळी गाणी फोनमधल्या एखाद्या महिनाभाड्याच्या ॲपवर असतील, तर ती या प्लेअरवर येणार नाहीत. ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं कुलूपबंद असतं, ते त्या ॲपबाहेर वाजत नाही. प्लेअरला हवी असते हातात धरता येईल अशी फाइल: स्वतःच्या सीडीवरून उतरवलेली, पैसे देऊन डाउनलोड केलेली, किंवा घरी रेकॉर्ड केलेली. आजोबांच्या कॅसेटवरून उतरवलेलं कीर्तनही चालेल.

गावोगावच्या मोबाइलच्या दुकानांत 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशा पाट्या असायच्या, काही ठिकाणी अजूनही आहेत. तिथल्या गाण्यांचे हक्क कोणाकडे असतात हे सांगायला नको. वर ती इतकी दाबून लहान केलेली असतात की तबला पत्र्यावर वाजतोय असं वाटतं, आणि गायकाच्या नावाच्या जागी कुठल्या तरी वेबसाइटचा पत्ता असतो.

आता जागेचा हिशेब. १२८ केबीपीएसचं एमपी३ मिनिटाला साधारण १ एमबी खातं, ३२० केबीपीएसचं साधारण २.४ एमबी. सीडीवरचा मूळ आवाज मिनिटाला १० एमबीच्या थोडा वर, आणि फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता फाइल लहान करणारा प्रकार) केलं तर बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याच्या आसपास. पाच मिनिटांचं भावगीत ३२० ला १२ एमबी झालं, म्हणजे ४ जीबीत तीनशेवर गाणी मावली. चाळीस मिनिटांचा राग मात्र एकटाच ९६ एमबी घेईल. तुमचं ऐकणं यातलं कुठलं आहे ते ठरवा. बहुतेकांना १६ जीबी पुरून उरतात, पण सगळ्यांना १६० हवे असतात.

दुसरी पायरी: कोणत्या जातीचा?

फुटपाथवर आणि जत्रेत मिळणारा चिमटेवाला प्लेअर सगळ्यात स्वस्त. पडदा नाही, स्वतःची मेमरी नाही, बाजूला 'टीएफ' लिहिलेली खाच. टीएफ म्हणजे मायक्रोएसडीच, वेगळं काही नाही. सकाळच्या फिरण्याला, भजनाला, वारीत कमरेला लावायला ठीक. हरवला तर जीव जळत नाही, हा त्याचा मोठा गुण.

सॅनडिस्कच्या क्लिप मालिकेसारखे साधे ब्रँडेड प्लेअर ही दुसरी जात. त्यातला जुना क्लिप प्लस अजून शोधला जातो, कारण त्यात कार्डाची खाच आहे आणि रॉकबॉक्स हे फुकट, मुक्त सॉफ्टवेअर चालतं. रॉकबॉक्स टाकलं की फाइली नुसत्या ओढून टाकायच्या, फ्लॅक चालतं, इक्वलायझर मनासारखा लावता येतो.

तिसरी जात आयपॉड. २००१ च्या ऑक्टोबरात ५ जीबीचा पहिला आला. २००८ च्या आर्थिक वर्षात विक्री शिखरावर गेली, त्या एका वर्षात ५ कोटी ४८ लाख. मग फोननेच त्याला गिळलं. क्लासिक २०१४ मध्ये, नॅनो आणि शफल २०१७ मध्ये, टच २०२२ मध्ये बंद. इतका माल जगात सांडलेला आहे म्हणूनच सुटे भाग आजही मिळतात.

चौथी जात नवी: फियो, शानलिंग, हायबी या चिनी कंपन्यांचे काडेपेटीपासून पत्त्याच्या कॅटाएवढे प्लेअर, आणि सोनीचे अँड्रॉइडवाले वॉकमन. वॉकमन हे नाव १९७९ चं. १ जुलैला जपानात ३३,००० येनला पहिला निघाला, कॅसेटवाला, दोघांना ऐकता यावं म्हणून दोन भोकांचा. अँड्रॉइडवाल्या प्लेअरवर महिनाभाड्याची ॲप चालतात. पण मग तो बिनसिमचा फोनच झाला, आणि चार्जिंगही फोनसारखंच रोज मागतो.

मत विचाराल तर सांगतो. आईवडिलांसाठी यातलं काहीच घेऊ नका. त्यांना बटण दाबलं की वाजणारा डबा हवा असतो. २०१७ मध्ये सारेगामाने ५,००० जुनी हिंदी गाणी आधीच भरलेला कारवाँ आणला, आणि तो चालला तो याच गरजेवर. स्वतःसाठी, पहिल्यांदाच घेताय आणि पेचकस धरायची भीती वाटते, तर चौथ्या जातीतला स्वस्तातला, कार्डाची खाच असलेला घ्या. पेचकसाची भीती नसेल तर पुढे वाचा. मजा तिथेच आहे.

तिसरी पायरी: कोणता आयपॉड उघडतो?

मिनीचं वर सांगितलंच. वरखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या टोप्या, आतले स्क्रू आणि पुढच्या गोल चक्राची जोडणी काढली की आतला सगळा बोर्ड सरकन बाहेर येतो. बॅटरी जोडणीने लावलेली, सोल्डरिंगचा डाग न देता बदलता येते.

पाचव्या पिढीचा 'व्हिडिओ', २००५-०६ चा, शिकायला सगळ्यात बरा. पुढचा भाग प्लास्टिकचा, मागचा चकचकीत स्टीलचा. गिटारची नखी कडेने फिरवत नेली की एकेक खिट्टी सुटते. पण सुटली रे सुटली की दोन्ही भाग फटकन ओढू नका. मागच्या झाकणाला चिकटलेल्या बॅटरीची पातळ पट्टी बोर्डात अडकवलेली असते, आणि पहिल्यांदा उघडणारे हटकून तीच फाडतात. अर्धा इंच फट ठेवून, चिमट्याने त्या पट्टीची इवलीशी तपकिरी कुंडी वर करायची, मगच पट्टी ओढायची. हार्डडिस्कच्या जागी मायक्रोएसडी कार्ड बसवायचे तयार बोर्ड मिळतात. ते बसवले की वजन घटतं, बॅटरी कितीतरी जास्त पुरते आणि पडल्यावर डिस्क मरायची भीती जाते. या पिढीत ध्वनीची चिप वोल्फसन कंपनीची आहे. तिचं वेड असलेले लोक भाव चढवून ठेवतात. मला फरक ऐकू येतो असं छातीठोकपणे सांगवत नाही.

क्लासिकचं पुढचं झाकणही धातूचं. उघडतो, पण कडा वाकवल्याशिवाय उघडेल तर शपथ. आणखी एक खोच: ८० आणि १२० जीबीच्या क्लासिकमध्ये मूळ सॉफ्टवेअर १२८ जीबीपलीकडची जागा ओळखत नाही, २००९ च्या १६० जीबीवाल्यात ती अडचण नाही. मोठं कार्ड टाकायचं असेल तर तोच घ्यावा, म्हणूनच तो महाग.

नॅनो दिसायला मोहात पाडतात. पण मेमरी बदलत नाही आणि बॅटरीचं काम डागाचं, तेव्हा नॅनो घ्यायचा तो 'आहे तसा, जितके दिवस चालेल तितके दिवस' या हिशेबाने. पहिल्या नॅनोची बॅटरी तापत असल्यामुळे ॲपलने २०११ मध्ये ते बदलून द्यायची योजना काढली होती. न बदललेला असा नॅनो कपाटात सापडला तर चार्जिंगला लावू नका.

शफल घेताना केबल हातात पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिल्या पिढीचा सोडला तर हेडफोनच्या भोकातूनच तो चार्ज होतो, त्याची केबल निराळी, आणि पिढीनुसार बदलते. २००९ च्या तिसऱ्या पिढीच्या शफलवर तर बटणंच नाहीत, सगळी इअरफोनच्या वायरीवर. ती वायर तुटली की गाणं पुढे कसं न्यायचं? तो सोडून द्या.

चौथी पायरी: हातात आल्यावर दहा मिनिटं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली किंवा बुधवार-रविवारचा जुना बाजार, नाहीतर ऑनलाइन विक्रेता. कुठूनही घ्या, ही दहा मिनिटं मागून घ्या. स्वतःचा इअरफोन आणि आयपॉडची जुनी, रुंद तोंडाची ३०-पिनची केबल खिशात ठेवा.

आधी पाठ टेबलावर टेकवा. डुगडुगतोय? पडदा कडेने उचललाय? मग बॅटरी फुगलीय. घ्यायचा असेल तर बॅटरी बदलण्याचे पैसे कापूनच बोला, आणि घरी नेऊन ती बॅटरी टोचू किंवा दाबू नका.

मग चक्र फिरवा. हळू, मग जोरात, मग उलटं. यादी अडखळत असेल किंवा आपोआप वरखाली पळत असेल तर चक्र गेलंय, किंवा आत ओल गेलीय. मधलं बटण दाबताना टिचकीसारखा स्पष्ट आवाज यायला हवा. होल्डचं, म्हणजे बाकीची बटणं कुलूपबंद करणारं, बटण चारसहा वेळा इकडेतिकडे करून बघा. ते आणि हेडफोनचं भोक बहुतेक मोठ्या आयपॉडमध्ये एकाच पट्टीवर असतं. इअरफोनची पिन भोकात हलवताना एका कानाचा आवाज जात असेल तर तीच पट्टी बदलायला झाली.

आता डिस्क. आयपॉड कानाला लावा. हलकी घरघर चालेल, 'टक्... टक्...' असं थांबून थांबून आलं तर डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. व्हिडिओ आणि क्लासिकमध्ये याहून पक्की परीक्षा आहे, आणि विक्रेत्यांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक असते. मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा, सफरचंद दिसलं की लगेच मधलं बटण आणि मागे जायचं बटण धरा. निदानाची यादी उघडते. त्यात 'आयओ', मग 'हार्डड्राइव्ह', मग 'एचडीस्मार्टडेटा'. तिथे 'रीअलॉक्स' आणि 'पेंडिंग सेक्टर्स' या डिस्कवरच्या खराब जागांच्या दोन ओळी बघा. शून्य किंवा दोनचार असेल तर बरं. आकडे शेकड्यांत असतील तर डिस्क धरूच नका, तिच्याशिवायचा भाव बोला.

शेवटी 'सेटिंग्ज'मधलं 'अबाउट' उघडून जागा आणि मॉडेल क्रमांक वाचा. क्रमांक 'एम'ने सुरू होत असेल तर तो नवा म्हणून विकला गेलेला, 'एफ' असेल तर कंपनीने दुरुस्त करून विकलेला, 'पी' असेल तर पाठीवर नाव कोरून घेतलेला. दुसऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठीवर असलेला आयपॉड स्वस्तात पडतो. माझ्याकडच्यावर कोणा परक्या जोडप्याचं ॲनिव्हर्सरीचं वाक्य आहे, आणि आता ते मला आमच्याच घरचं वाटतं.

युरोपातून आलेल्या नगांचा आवाज कमी वाटला तर दचकू नका. तिथल्या नियमांमुळे आवाजाला वरची मर्यादा घातलेली असते. रॉकबॉक्स टाकलं की ती जाते, पण कान आपलेच आहेत.

पाचवी पायरी: भाव

विक्रेता सांगेल ती किंमत म्हणजे सुरुवात. कागदावर चार ओळी मांडा: मागितलेली रक्कम, बॅटरी, कार्ड आणि ते बसवायचा बोर्ड, केबल. समजा आयपॉड ४,००० ला मिळतोय, बॅटरी ९००, बोर्ड आणि कार्ड मिळून ३,५००, केबल २००. बेरीज ८,६००. आता याच पैशांत नवा, वॉरंटीवाला, फ्लॅक वाजवणारा, ब्लूटूथचा चिनी प्लेअर काय मिळतो ते बघा. चक्र फिरवायची हौस या फरकाएवढी आहे का, याचं उत्तर तुमचं तुम्ही द्या. माझ्यापुरती आहे. परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्युटी आणि टपालखर्चाची पाचवी ओळ लिहा. ती विसरणारे पोस्टमनसमोर रडतात.

'दुर्मीळ', 'कलेक्टर पीस' हे शब्द ऐकले की खिसा घट्ट धरा. खोका न उघडलेला नग ही निराळी वस्तू, ती वाजवायची नसतेच. उघडलेला, ओरखडे पडलेला, बॅटरी मेलेला पहिल्या पिढीचा आयपॉड हा इतिहास म्हणून ठीक. वाजवायला त्याला फायरवायरचं भोक असलेला संगणक लागतो, तो तुमच्याकडे नाही.

सहावी पायरी: कार्ड आणि भरणं

इथे मी स्वतः फसलोय. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून २५६ जीबीचं कार्ड नेहमीच्या निम्म्या भावात घेतलं. संगणकावर २५६ दिसलं, गाणीही गेली. दोन दिवसांनी अर्धे अल्बम मधेच 'खर्र' करून पुढच्यावर उडी मारू लागले. कार्डात खरी जागा ३२ जीबीच होती, वरचा आकडा रंगवलेला. तेव्हापासून कुठलंही नवं कार्ड आलं की आधी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नाहीतर लिनक्स-मॅकवर एफ३ चालवतो. सगळं कार्ड भरून परत वाचून बघणारे हे फुकट प्रोग्राम आहेत. रात्री लावून झोपायचं.

६४ जीबी किंवा मोठं कार्ड एक्सफॅट स्वरूपात येतं, स्वस्त प्लेअरना ते कळत नाही आणि ते 'नो कार्ड' म्हणतात. ते फॅट३२ स्वरूपात फॉरमॅट करून घ्या, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. विंडोजवाल्यांनी आयपॉडबाबत एक लक्षात ठेवावं: मॅकवर तयार केलेला आयपॉड विंडोज वाचत नाही, आयट्यून्स या ॲपलच्या प्रोग्राममधून 'रिस्टोअर' करावा लागतो आणि आतलं सगळं पुसलं जातं. उलट विंडोजवर तयार केलेला दोन्हीकडे चालतो. फ्लॅक आयपॉडचं मूळ सॉफ्टवेअर वाजवत नाही. ॲपलचं लॉसलेस करून घ्या, गुणवत्तेत काही कमी होत नाही.

आणि आता आपल्याकडची खास डोकेदुखी: क्रम. चिमटेवाला प्लेअर फाइली नावाच्या क्रमाने वाजवत नाही, ज्या क्रमाने कार्डावर गेल्या त्या क्रमाने वाजवतो. बाईंनी पारायणाचे अध्याय भरून घेतले आणि पहिल्यानंतर थेट दहावा लागला, ही तक्रार मी तीनदा तरी निस्तरली आहे. आधी फाइलींची नावं ०१, ०२, ०३ अशी दोन अंकी करा, नाहीतर काही प्रोग्रामना १ नंतर थेट १० दिसतो. मग रिकाम्या, नव्याने फॉरमॅट केलेल्या कार्डावर त्याच क्रमाने, घाई नसेल तर एकेक करून टाका. मधला एक अध्याय नंतर बदलला तर तो शेवटी जाऊन बसू शकतो. सगळं पुसून पुन्हा भरणं हाच सोपा मार्ग.

देवनागरी नावांचंही तसंच. काही प्लेअरवर ती चौकोनी डबे म्हणून दिसतात, काहींवर अक्षरं येतात पण वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. घेण्याआधी 'स्वरचक्र' किंवा 'विठ्ठल' असं नाव दिलेली एक फाइल टाकून पडद्यावर वाचून बघा. 'विठ्ठल' नीट उमटला तर बाकीचंही उमटेल. नाही उमटला तर एमपी३टॅगसारख्या प्रोग्रामने नावं रोमन लिपीत करून टाका, वाईट वाटलं तरी.

वापरताना

महिनोन्‌महिने कपाटात ठेवायचा असेल तर बॅटरी अर्धी ठेवून ठेवा, पूर्ण रिकामी नको. खिशात टाकताना होल्ड लावा, नाहीतर चक्र मांडीला घासून आवाज शेवटपर्यंत चढतो. आणि 'बंद आहे, भंगारात देतोय' म्हणून कोणी आयपॉड पुढे केला तर काही बोलण्याआधी होल्डच्या फटीत नारिंगी रंग दिसतोय का ते बघा. माझा मिनी तसाच मिळाला. घरी येऊन होल्ड काढला, रात्रभर चार्जिंगला लावला, आणि सकाळी सफरचंद उगवलं.